हिणकस धातुकापासून लोखंड : एका जुन्या प्रश्नाचा आढावा

पृथ्वीच्या कवचात वजनाच्या हिशेबाने सुमारे 5 टक्के लोह आहे, आणि म्हणून लोखंडाचा दुष्काळ मनुष्यजातीवर ओढवेल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. परंतु ज्या डोंगरांच्या माथ्यावरची वाळू निसर्गानेच लक्षावधी वर्षांच्या पावसापाण्याकडून धुवून काढली आणि 62 ते 66 टक्के लोहाचा दगड आयता मांडून ठेवला, असे डोंगर मोजके आहेत, आणि गेल्या दीडशे वर्षांच्या कारखानदारीने हात घातला तो प्रथम त्यांच्याच शेलक्या भागावर. उरलेला जो प्रचंड साठा आहे तो हिणकस धातुकाचा. त्यात लोह 25 ते 45 टक्के. बाकीचा भाग मुख्यतः सिलिकेचा, किंवा ॲल्युमिनायुक्त मातीचा. या दगडातून परवडेल अशा खर्चात धातू कसा काढावा, हा प्रश्न अमेरिकेला, जर्मनीला, इंग्लंडला आणि चीनला निरनिराळ्या काळी पडला. आपल्याला तो आज पडला आहे. त्या त्या देशांनी आपापल्या परिस्थितीनुरूप दिलेली उत्तरे एकत्र मांडून पाहिल्याशिवाय आपले उत्तर नीट ठरवता येणार नाही, अशी माझी धारणा असल्यामुळे हा आढावा घेत आहे.

प्रथम एक समज दूर केला पाहिजे. धातुकापासून धातू काढणे याला शास्त्रात क्षपण म्हणतात, आणि क्षपण म्हणजे लोहाला चिकटलेला ऑक्सिजन हिरावून घेणे. तेव्हा धातुक हिणकस असले तर क्षपण अवघड होत असावे, असे साहजिकच वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. हेमॅटाइट या लोहखनिजाचा कण 65 टक्क्यांच्या दगडात असो वा 35 टक्क्यांच्या, कार्बन मोनॉक्साइड वायू त्याच्याशी भिडला की हेमॅटाइटचे मॅग्नेटाइट, मॅग्नेटाइटचे वुस्टाइट आणि वुस्टाइटचे लोह असा तोच क्रम चालतो. 570 अंश सेल्सिअसच्या खाली मधली वुस्टाइटची पायरी गळते, एवढाच काय तो फरक. ऑक्सिजन घेऊन वायूचा कार्बन डायऑक्साइड झाला की तो तापलेल्या कोळशाशी गाठ पडताच पुन्हा मोनॉक्साइड होतो आणि कामाला लागतो. हे सर्व हजार अंशांच्या आसपास, धातुक न वितळता, होऊ शकते. अडचण ऑक्सिजनची नाही. अडचण आहे ती शेजारी बसलेल्या वाळूची, आणि तिला कोठे व कोणत्या किमतीवर निरोप द्यावा याची.

ही वाळू निष्क्रिय असती तर गोष्ट वेगळी होती; पण तापलेल्या अवस्थेत सिलिका अर्धवट क्षपित लोहाला, म्हणजे वुस्टाइटला, गिळून फायालाइट नावाचे संयुग तयार करते, आणि ते 1200 अंशांच्या थोडे वर वितळून मळीच्या रूपाने वाहू लागते. फायालाइटमध्ये 60 भार सिलिकेमागे 112 भार लोह असते. आता 35 टक्के लोहाच्या हेमॅटाइट-क्वार्ट्झ दगडाचा हिशेब मांडून पाहावा. शंभर किलो दगडात हेमॅटाइट 50 किलो, त्यात लोह 35 किलो. उरलेली 50 किलो सिलिका. एवढी सिलिका फायालाइटच्या रूपाने 93 किलो लोह गिळू शकते, आणि आपल्यापाशी आहे 35. सबब जुन्या पद्धतीच्या भट्टीत असा दगड घातला तर मळी भरपूर मिळेल, लोखंडाचा गोळा मात्र हाती लागणार नाही.

आपल्याकडच्या प्राचीन लोहारांना हे सूत्ररूपाने ठाऊक नसले तरी अनुभवाने पक्के ठाऊक असले पाहिजे. नागपूरजवळ नायकुंड येथे महापाषाणयुगीन वसाहतीच्या उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. तिचा काळ इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या सुमाराचा मानला जातो. महाबळेश्वराच्या परिसरात जांभ्या दगडापासून लोखंड गाळणारी धावड ही जमात इंग्रजी अमलातही हा धंदा करीत होती. पुढे जंगलाचे निर्बंध आले, कोळसा महागला आणि विलायती लोखंड स्वस्त झाले, तेव्हा त्यांच्या भट्ट्या विझल्या. या सर्वच छोट्या भट्ट्यांचा नियम एकच होता: धातुक हाताने वेचून, फोडून, शक्य तितके निवडून घ्यायचे, आणि जी थोडी वाळू उरेल तिच्या मोबदल्यात लोहाचा एक वाटा मळीला सोडून द्यायचा. त्या काळच्या मळीत लोहाचे प्रमाण 40 ते 50 टक्के आढळणे ही नित्याची बाब आहे. आज आपण ज्याला हिणकस धातुक म्हणतो त्याहून त्या टाकून दिलेल्या मळीत लोह अधिक. त्या कारागिरांना दोष देण्याचे कारण नाही. जंगल जवळ होते, दगड निवडायला माणसे होती, आणि गरज गावापुरती होती.

झोतभट्टीने या कोंडीतून मार्ग काढला तो चुनखडीच्या साहाय्याने. सिलिकेला लोहाऐवजी चुना दिला की ती चुन्याशी संयोग पावते आणि लोह सुटे होते. शिवाय भट्टीच्या तळाशी उष्णता इतकी असते की ही चुन्याची मळी पातळ होऊन बीडावर तरंगते व वेगळी काढता येते. मार्ग उत्तम, पण हिणकस दगडाला लावला तर त्याचा खर्च डोळे पांढरे करणारा आहे. वरच्याच शंभर किलो दगडातील 50 किलो सिलिकेला सुमारे तेवढाच चुना हवा. त्यासाठी 90 किलोच्या घरात चुनखडी हवी. ती भाजून चुना होण्यात उष्णता जाते, आणि शेवटी 35 किलो लोहामागे 100 किलो मळी वितळवावी लागते. म्हणजे एक टन लोखंडामागे जवळजवळ तीन टन मळी! उत्तम धातुकावर चालणाऱ्या भट्टीत हा आकडा एक टनामागे 300 ते 400 किलो इतकाच असतो. कोकचा सारा खर्च लोखंड करण्यात न जाता मळी वितळवण्यात जाऊ लागला, तर तो धंदा कोणीही फार दिवस करू शकणार नाही.

तेव्हा हिणकस धातुकाच्या प्रश्नाचे खरे स्वरूप हे असे आहे: वाळूला भट्टीत शिरण्यापूर्वीच बाहेर काढावे, की भट्टीतच तिचा बंदोबस्त करावा, की आधी सर्व ऑक्सिजन काढून घेऊन मागाहून धातू व वाळू यांची फारकत करावी? गेल्या सव्वाशे वर्षांत जेवढ्या म्हणून पद्धती निघाल्या त्या सर्व या तीन स्थळांपैकी एका स्थळी उभ्या आहेत.

भट्टीपूर्वी वाळू काढण्याचा पहिला मोठा प्रयत्न ज्याने केला तो थॉमस एडिसन. 1890 च्या दशकात न्यू जर्सीतील ऑग्डेन्सबर्ग येथे त्याने डोंगरच्या डोंगर प्रचंड रुळांखाली चिरडून, त्यातील मॅग्नेटाइटचे कण चुंबकाने ओढून घेऊन, त्यांच्या विटा पाडण्याचा कारखाना काढला. यंत्रे चालली, विटा झाल्या, भट्टीवाल्यांनी त्या घेतल्याही. पण त्याच सुमारास मिनेसोटा राज्यात मेसाबी नावाच्या टापूत फावड्याने उपसता येईल असे मऊ, उंची धातुक निघाले, बाजारभाव कोसळला, आणि एडिसनला आपल्या संपत्तीचा मोठा हिस्सा गमावून कारखाना बंद करावा लागला. शास्त्र बरोबर असून काळ चुकला, याचे याहून ठळक उदाहरण धातुविद्येच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

दैवगती अशी की, ज्या मेसाबीने एडिसनला बुडवले तिचेच मऊ धातुक दोन महायुद्धांच्या मागणीने आटत आले, आणि खाली उरला तो टॅकोनाइट: चकमकीसारखा कठीण, 25 ते 30 टक्के लोहाचा, पोलादी पहारीला दाद न देणारा दगड. मिनेसोटा विद्यापीठातील एडवर्ड डेव्हिस या प्राध्यापकाने आयुष्यातील कित्येक दशके या एका दगडावर वेचली. यातील मॅग्नेटाइटचे कण इतके सूक्ष्म की ते वाळूपासून सुटे करायचे तर दगडाचे पीठ करावे लागते; मिलिमीटरच्या वीस-पंचविसाव्या भागाएवढे, आणि पुष्कळदा त्याहून बारीक. पीठ झाल्यावर चुंबक आपले काम चोख करतो. पण हे पीठ झोतभट्टीत घालता येत नाही, कारण खालून येणारा वारा ते उडवून लावील किंवा त्याने वाऱ्याची वाट बुजून जाईल. तेव्हा दमट पिठात थोडी बेंटोनाइट माती कालवून ते फिरत्या पिंपात किंवा तबकात लोळवतात. आपल्याकडे संक्रांतीच्या हलव्याचा दाणा जसा परातीत हलवता हलवता थरावर थर चढून वाढतो, तशी एकेक गोळी सुमारे दहा ते पंधरा मिलिमीटर व्यासाची होते. मग 1250 ते 1300 अंशांवर ती भाजली की दगडासारखी टणक, पण आतून सच्छिद्र, आणि 65 टक्क्यांच्या आसपास लोहाची. भाजताना मॅग्नेटाइटचे हेमॅटाइट होते आणि या क्रियेत उष्णता बाहेर पडते, त्यामुळे मॅग्नेटाइटच्या गोळीला जळण कमी लागते. हेमॅटाइटच्या पिठाला ही सवलत नाही. स्वीडनमध्ये या कल्पनेचे एकस्व 1912 मध्येच नोंदवले गेले होते, पण व्यापारी प्रमाणावर तिला प्रतिष्ठा मिळाली ती 1955 मध्ये लेक सुपीरियरच्या काठी सिल्व्हर बे येथे मोठा कारखाना सुरू झाल्यानंतर.

एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. हा पेलेट, म्हणजे ही भाजलेली गोळी, झोतभट्टीत इतका सरस ठरला, की पुढे उंची धातुक उपलब्ध असूनही कारखानदार पेलेटच मागू लागले. आकार एकसारखा, वायूला वाट मोकळी, वाळू कमी. हिणकस दगडासाठी निघालेल्या युक्तीने उत्तम दगडालाच मागे टाकले.

मात्र या मार्गाच्या ताळेबंदाची दुसरी बाजू भयंकर आहे. 35 टक्क्यांच्या शंभर टन दगडापासून 65 टक्क्यांचे सांद्रित, म्हणजे वाळू काढून समृद्ध केलेले धातुक, करायचे, आणि त्यातील 70 टक्के लोह हाती लागले असे धरले, तर सांद्रित मिळते 38 टन. उरलेले 62 टन म्हणजे पाण्यात कालवलेले बारीक पीठ, आणि त्यातही 17 टक्के लोह वाया गेलेले. हे पीठ ठेवायचे कोठे? सिल्व्हर बेच्या कारखान्याने ते लेक सुपीरियरमध्येच सोडले, दिवसाला हजारो टनांच्या मापाने. त्यावर खटला उभा राहिला, 1974 मध्ये न्यायाधीशांनी मनाई केली, आणि अपिलांच्या फेऱ्यांनंतर 1980 मध्ये हा गाळ जमिनीवर साठवण्याची व्यवस्था झाली. ब्राझीलमध्ये इटाबिराइट नावाचा असाच पट्टेदार दगड दळून धुतला जातो. तेथे मारियानाजवळचा गाळाचा बांध 5 नोव्हेंबर 2015 रोजी फुटला, 19 माणसे मेली आणि दोसे नदी समुद्रापर्यंत गढूळली. 25 जानेवारी 2019 रोजी ब्रुमादिन्यो येथे लोहखाणीचाच दुसरा बांध फुटला तेव्हा 270 माणसे गाडली गेली. धातुक शुद्ध करण्याच्या खर्चात हे मृत्यू कोणत्या सदराखाली नोंदवायचे, हे मला समजत नाही; पण ते नोंदवल्याशिवाय केलेला हिशेब खोटा आहे.

चुंबकाची ही सोय मॅग्नेटाइटपुरती. हेमॅटाइट साध्या चुंबकाला जवळजवळ दाद देत नाही, आणि भारतातील साठा बहुतांशी हेमॅटाइटचा आहे. त्यावर तोड दोन: अत्यंत शक्तिशाली चुंबकीय क्षेत्र आणि फेनतरण, म्हणजे फेसावर कण तरंगवून वेगळे करणे, यांचा आधार घ्यावा, किंवा हेमॅटाइटलाच मॅग्नेटाइट करून टाकावे. दुसरा उपाय शास्त्रदृष्ट्या फार सुंदर आहे. हेमॅटाइटमधील ऑक्सिजनचा केवळ नववा हिस्सा काढून घेतला की त्याचे मॅग्नेटाइट होते. 550 ते 800 अंशांवर क्षपणकारी वायूत थोडा वेळ भाजणे एवढेच त्यासाठी पुरते. मांचुरियातील आनशान येथे जपानी अमलात 1926 च्या सुमारास अशा भट्ट्या चालू झाल्या, आणि चीनने पुढे ही विद्या सोडली नाही; अलीकडे तर बारीक पीठ वायूच्या झोतात तरंगत ठेवून काही क्षणांत भाजण्याच्या पद्धती तेथे मोठ्या प्रमाणावर वापरात आणल्या आहेत. या पद्धतीने दळणाचा त्रास टळत नाही, इंधनाचा खर्च वाढतो, पण अन्यथा मातीमोल ठरणारे धातुक कामी येते.

भट्टीतच वाळूचा बंदोबस्त करणाऱ्यांची परंपरा युरोपची, आणि तिच्यामागे पुष्कळदा शास्त्रापेक्षा राजकारण अधिक होते. लॉरेनचे मिनेट धातुक जेमतेम 30 टक्क्यांचे आणि फॉस्फरसयुक्त. 1878-79 मध्ये सिडनी गिलख्रिस्ट टॉमस आणि पर्सी गिलख्रिस्ट यांनी चुनायुक्त अस्तराच्या पात्राची युक्ती काढली, आणि तोवर नाकारलेले हे धातुक जर्मनी व फ्रान्स यांच्या वैराचे एक कारण बनले. इंग्लंडात कॉर्बी येथे 1930 च्या दशकात स्थानिक हलक्या धातुकावर चुना कमी घालून, आम्लधर्मी मळीवर भट्टी चालवण्याचा आणि बीडात राहिलेला गंधक बाहेर सोड्याने काढण्याचा मार्ग अवलंबिला गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्व जर्मनीने काल्बे येथे ठेंगण्या भट्ट्यांची रांग उभारली, तर जमशेदपूरच्या राष्ट्रीय धातुशास्त्र प्रयोगशाळेनेही ठेंगण्या भट्टीचे प्रायोगिक संयंत्र चालवून आपल्याकडच्या कोक न होणाऱ्या कोळशाचा आणि बारीक धातुकाचा तीत उपयोग होतो का, ते पाहिले. या भट्ट्यांनी टंचाईच्या काळात राष्ट्रांची गरज भागवली; टंचाई सरताच त्या विझल्या.

या सर्वांत बुद्धीला थक्क करणारी पद्धत क्रुप-रेन ही. क्रुप कंपनीत फ्रीडरिख योहान्सेन यांनी ती 1930 च्या दशकात सिद्धीस नेली. एक लांबलचक, किंचित उतरती, फिरती नळीवजा भट्टी. वरच्या टोकाने वाळूयुक्त धातुक आणि कोळशाची चुरी आत जाते, खालच्या टोकाशी ज्योत असते. धातुक सरकत सरकत खाली येते तसतसे घनरूपातच त्याचे क्षपण होते, आणि शेवटच्या टप्प्यात 1250 ते 1300 अंशांवर वाळूची मळी पूर्ण वितळत नाही, कणकेसारखी चिकट होते. या चिकट लगद्यात लोहाचे सूक्ष्म कण भट्टीच्या फिरण्याबरोबर एकमेकांना भेटतात, जुळतात आणि वाटाण्याएवढे किंवा त्याहून मोठे मणी होतात. जर्मन कामगार त्यांना लुप्पे म्हणत. लगदा बाहेर काढून गार केला, फोडला, चुंबकाखालून नेला की मणी एकीकडे, मळी दुसरीकडे. चुनखडी लागत नाही; सिलिका जितकी अधिक तितकी मळी या कामाला अनुकूल. वाळूला शत्रू न मानता तिच्याच चिकटपणाचा उपयोग करून घेणारी ही एकमेव पद्धत मला ठाऊक आहे. साल्झगिटरच्या हलक्या धातुकासाठी, मांचुरियात, झेकोस्लोव्हाकियात ती चालली. परंतु कोळशातला गंधक मण्यांत उतरतो, भट्टीच्या आतल्या अंगाला मळीची कडी जमतात, आणि मणी पुन्हा झोतभट्टीत घालून शुद्ध करावे लागतात. परदेशी उंची धातुक जहाजांतून स्वस्तात येऊ लागताच लोखंडासाठी ती मागे पडली. जपानात ओएयामा येथे निकेलयुक्त धातुकासाठी मात्र तिचा वारस अद्याप नांदतो आहे. याच कल्पनेचे नवे रूप कोबे स्टीलने काढले: कोळसा आणि धातुक यांची मिश्र गोळी फिरत्या चुलीवर दहा मिनिटांच्या आसपास 1350 अंशांना तापवली की लोह व मळी आपोआप विभक्त होतात. 2010 मध्ये मिनेसोटातच त्याचा कारखाना सुरू झाला आणि 2015 मध्ये थांबला. पुन्हा तेच: विद्या खरी, बाजार प्रतिकूल.

तिसरे स्थळ भट्टीनंतरचे. ऑक्सिजन घनावस्थेतच काढून जे सच्छिद्र लोह मिळते त्याला स्पंज लोह म्हणतात, आणि त्याच्या उत्पादनात भारत जगात अग्रभागी आहे. त्याचे दोन प्रकार. नैसर्गिक वायूवर चालणारा, महाराष्ट्रात रायगड जिल्ह्यात डोलवी व साळाव येथे 1990 च्या दशकात आलेला. आणि कोळशावर फिरत्या भट्टीत चालणारा, जो चंद्रपूर, छत्तीसगड, ओडिशा येथे पसरला आहे. दोहोंचाही मोठा दोष हा, की धातुकातली सगळी वाळू आणि माती स्पंज लोहात जशीच्या तशी राहते. पुढे विजेच्या भट्टीत ते वितळवताना ती मळी होऊन वीज खाते, आणि लहान प्रवर्तन भट्ट्यांना, म्हणजे इंडक्शन भट्ट्यांना, तिचा निचरा मुळीच झेपत नाही. म्हणून स्पंज लोहाला 65 ते 67 टक्क्यांचे धातुक लागते, आणि हिणकस धातुकाला हा मार्ग सरळपणे बंद आहे.

हायड्रोजनचा सध्या जो गाजावाजा आहे त्याकडेही याच दृष्टीने पाहिले पाहिजे. स्वीडनमध्ये 2021 मध्ये लुलेओ येथे हायड्रोजनने क्षपित स्पंज लोह तयार झाले, ही मोठी घटना आहे. धुराऐवजी पाण्याची वाफ निघते, यापेक्षा अधिक स्वागतार्ह काय असेल? परंतु हायड्रोजन ऑक्सिजन नेतो, वाळू नेत नाही. स्वीडनपाशी उत्तम मॅग्नेटाइट आहे म्हणून त्याला ही चैन परवडते. जर्मनीत ड्यूसबर्ग येथे आणि ऑस्ट्रेलियात क्विनाना येथे स्पंज लोहानंतर विजेवर चालणारी वितळणभट्टी जोडून, झोतभट्टीप्रमाणे मळी वेगळी काढण्याच्या योजना हाती घेतल्या आहेत, आणि त्यांचा उद्देश उघड आहे: मध्यम प्रतीच्या धातुकालाही हायड्रोजनचा मार्ग मोकळा करणे. विजेनेच धातुकाचे विघटन करणाऱ्या पद्धतीही प्रयोगावस्थेत आहेत. त्यांच्यावर मत देण्याची वेळ अजून आलेली नाही.

आता आपल्या घराकडे वळू. भारताने भट्टीपूर्व शुद्धीचा एकच प्रचंड प्रयोग केला, तो कुद्रेमुखचा. चिकमगळूर जिल्ह्यातील पश्चिम घाटात सुमारे 38 टक्के लोहाचे मॅग्नेटाइटयुक्त धातुक. इराणच्या अर्थसाहाय्याच्या भरवशावर 1976 मध्ये कंपनी स्थापन झाली. इराणात राज्यक्रांती होऊन गिऱ्हाईक नाहीसे झाले. तरी कारखाना उभा राहिला, सांद्रित पाण्यात कालवून 67 किलोमीटरच्या नळातून मंगळूरच्या बंदरात उतरू लागले, आणि 1987 मध्ये तेथे पेलेटचा कारखानाही झाला. यंत्रविद्येच्या दृष्टीने हे यश निखालस होते. परंतु खाण भद्रा नदीच्या उगमप्रदेशात, सदाहरित अरण्यात. गाळासाठी लक्या येथे सुमारे शंभर मीटर उंचीचा बांध. आणि भोवती राष्ट्रीय उद्यान. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने 2005 च्या अखेरीस खाणकाम थांबले, आणि मंगळूरच्या पेलेट कारखान्याला दूरचे धातुक आणावे लागले. कुद्रेमुखचा पाडाव धातुशास्त्राने झाला नाही, जागेने झाला.

आपल्या हेमॅटाइटचे दुखणे मात्र निराळेच आहे. उष्ण, पावसाळी हवेत शतसहस्र वर्षे झिजल्यामुळे त्यात सिलिकेपेक्षा ॲल्युमिना अधिक असतो. ॲल्युमिना वाढला की झोतभट्टीची मळी घट्ट होते, वाहत नाही. हा ॲल्युमिना काही प्रमाणात केओलिन मातीत असतो, तो धुऊन जातो. काही गोथाइट या लोहखनिजाच्या स्फटिकातच लोहाच्या जागी जाऊन बसलेला असतो, आणि तो कितीही दळले तरी सुटत नाही. म्हणून परदेशी टॅकोनाइटची कृती येथे जशीच्या तशी उतरवणे हा भ्रम आहे. याउलट आपले पट्टेदार हेमॅटाइट-क्वार्ट्झाइट पाहावे. बस्तरपासून गडचिरोलीपर्यंतच्या डोंगरांत त्याचा एखादा तुकडा हातात घेतला तर काळसर-जांभळी आणि करडी-पांढरी अशा रेघा एकाआड एक, काही बोटभर रुंद, काही कागदाएवढ्या पातळ, दिसतात. येथे ॲल्युमिना थोडा, वाळू फार, आणि दळून ती सुटी होते. जे दिसायला अधिक दरिद्री, तेच शुद्धीला अधिक सोयीचे.

नागपूर येथे मुख्यालय असलेल्या भारतीय खाण ब्यूरोने 2009 मध्ये हेमॅटाइट धातुकाची किमान मर्यादा 45 टक्के आणि सिलिकायुक्त हेमॅटाइटची 35 टक्के अशी ठरवली. त्याखालचे धातुक टाकाऊ, त्यावरचे जपून ठेवणे बंधनकारक. निर्णय दूरदर्शी होता. पण जपून ठेवणे आणि वापरणे यांत अंतर पडले, आणि ढीग वाढत राहिले. बस्तरमधील बैलाडिलाच्या खाणींतल्या धुलाईतून वर्षानुवर्षे गेलेल्या बारीक गाळाने शंखिनी नदीचे पाणी तांबडे केले. त्या गाळातले पुष्कळसे द्रव्य परदेशातील कित्येक खाणींच्या मूळ दगडापेक्षा लोहाने समृद्ध आहे. गोव्याची कथा याहून बोलकी. चौगुले समूहाने 1960 च्या दशकातच तेथे पेलेट कारखाना काढला होता. परंतु एकंदर व्यापार निर्यातीचा, आणि गिऱ्हाइकाने नाकारलेला माल खाणीच्या कडेला डोंगर होऊन पडला. या शतकाच्या प्रारंभी चीनची मागणी वाढली तेव्हा हेच ढीग पुन्हा उपसून मांडवी आणि जुवारीच्या बार्जांवर चढले. 2012 मध्ये खाणकाम थांबले, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नूतनीकरण केलेले पट्टे रद्द केले. उरलेले ढीग तसेच पडून राहिले, आणि दर पावसाळ्यात त्यांची माती शेतांत उतरते.

या सर्व पुराव्यावरून माझा निष्कर्ष असा झाला आहे. हिणकस धातुकातील वाळूचा निकाल लावण्याची योग्य जागा भट्टीपूर्वीची आहे. झोतभट्टीला अथवा हायड्रोजनला तो भार देणे म्हणजे मळी वितळवण्यासाठी कोळसा व वीज जाळणे होय. क्रुप-रेनच्या वंशातील पद्धतींना ॲल्युमिना फार नसलेल्या, वाळूप्रधान धातुकापुरती आणि कोळशाजवळच्या प्रदेशापुरती जागा असू शकते, आणि त्यांच्यावरचे संशोधन सोडू नये. हेमॅटाइटला चुंबकीय करण्यासाठी भाजण्याची विद्या चीनकडून शिकण्यात कमीपणा नाही. पण क्रम महत्त्वाचा. ज्याचे उत्खनन, दळण आणि वाहतूक यांचा खर्च आधीच झालेला आहे, ज्याच्यासाठी अरण्य आधीच तुटलेले आहे, तो ढिगांतला व गाळातला माल प्रथम. नवा डोंगर त्यानंतर.

महाराष्ट्रापुढे हा विषय आता नुसता अभ्यासाचा राहिलेला नाही. जमशेटजी टाटांची पहिली दृष्टी चांदा जिल्ह्यातील लोहाऱ्याच्या धातुकाकडे गेली होती. धातुक उत्तम होते, वरोऱ्याचा कोळसा भट्टीला उतरला नाही, आणि कारखाना पूर्वेकडे गेला. आज त्याच जुन्या चांद्याच्या मुलुखात, एटापल्ली तालुक्यातील सुरजागड येथे उत्खनन चालू आहे, हेडरीपासून कोनसरीपर्यंत सुमारे 85 किलोमीटरचा नळ धातुकाचे पीठ पाण्यातून वाहून नेण्यासाठी टाकला गेला आहे, आणि पट्टेदार क्वार्ट्झाइट दळून शुद्ध करण्याच्या योजना पुढे आल्या आहेत. योजनेला माझा विरोध नाही. धातूशिवाय राष्ट्र चालत नाही, आणि तो धातू आपल्या दगडातून निघावा हे उचितच आहे. माझी मागणी एवढीच, की या मुलुखात दळणाची प्रत्येक गिरणी फिरू लागण्यापूर्वी टन सांद्रितामागे वीज किती, पाणी कोणत्या नदीचे व किती, आणि गाळ कोणत्या जागी, ओला की पाणी गाळून कोरडा, कोणाच्या गावाच्या वरच्या अंगाला साठवणार, हा हिशेब खाण ब्यूरोच्या तपासणीनिशी मराठीत आणि गोंडी-माडियात जाहीर व्हावा, ग्रामसभांपुढे वाचला जावा, आणि त्यांची संमती मिळाल्यावाचून पट्ट्यावर सही होऊ नये.